रेंजचा दगड

श्रावणी सोमवारचा उपास सोडून आम्ही सगळे भोरच्या घरी ओसरीवर बसलो होतो. आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाला, सार्थकला मुलगी दाखवून आणली होती. मुलीकडच्यांचा फोन दोनदा येऊन गेला, सार्थकने उचलला नाही. धनाजीमामांनी ते पाहिलं.

"उचलत का न्हाईस रं?"

"नाही कसं म्हणायचं मामा, तोंडावर?"

"म्हंजे त्यांचं त्यांनीच समजून घ्यायचं." मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "आमच्या स्वरूपलाबी असंच वाटलं हुतं."

स्वरूप म्हणजे मामांच्या मित्राचा मुलगा, कापूरहोळचा टेम्पोवाला. दोन वर्षांपूर्वी तो वेल्ह्याकडच्या पालीला प्रेरणा नावाच्या मुलीला बघून आला. मोठ्यांनी दोघांना पडवीत बोलू दिलं, तेव्हा ती म्हणाली, "घरात रेंज न्हाई. वळणावरच्या दगडावर जावं लागतं." स्वरूपला ती आवडली होती. तो म्हणाला, "सोमवारी सांजेला बसा तिथं. मी फोन करतो."

त्याच्या आईला स्थळ पटलं नाही. सोमवारी त्याने फोन केला नाही. तिचा आला, तो वाजू दिला. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी तो आणखीच गप्प झाला.

वर्षाने पालीच्या पिठाच्या गिरणीची मोटर पोचवायचं काम आलं. गिरणी प्रेरणाच्या चुलत्याची, गोरखची. स्वरूपने टाळून पाहिलं, पण जायला दुसरं कोणी मिळेना. श्रावणातला दुसरा सोमवार होता. वाटेतलं मार्गासनी गाव सोडलं तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बुरबुर पाऊस लागलेला.

वळणावर, दगडावर कोणीतरी बसलं होतं. हात वर. हातात मोबाईल.

त्याने टेम्पो हळू केला. ती प्रेरणाच होती. तिची नजर मोबाईलवरून हलली नाही.

"एक फोन लावून देता का? माझ्यावरनं लागंना."

"सां... सांगा."

ती आकडे सांगत गेली, तो दाबत गेला. निम्म्यावर त्याचं बोट थांबलं. नंबर त्याचाच होता.

लावला. बिझी.

"रोज असंच हुतं," ती म्हणाली. "कामात असत्याल."

मीच तो... एवढंच म्हणायचं होतं.

"लागत नाही," तो म्हणाला. गियर टाकला.

आरशात पाहिलं. वळण. दगड...

कोणी नाही.

पालीत मोटर उतरवली. आतून चहा घेऊन प्रेरणा आली. मनगटापर्यंत भाकरीचं पीठ. स्वरूपने कप घेऊन खाली ठेवला.

"तुम्ही... आत्ता वळणावर होता?"

"म्या? सांजंपासनं चुलीम्होरं हाय." तिने त्याला ओळखलं. "आता कशाला जाऊ तिथं? दिवाळीनंतर लगीन हाय माझं. बसले तेवढं पुरं झालं."

तिने हाताचं पीठ झटकलं.

"दादा, न्हाई म्हनला असता तरी चाललं असतं की. तेवढ्यासाठीच बसायचे."

स्वरूपने हात जोडले. "चुकलं माझं, ताई."

"व्हय," ती म्हणाली. "चहा घ्या. निवतोय."

परतताना पाऊस वाढला होता. त्या वळणावर तो थांबला. खाली उतरला. दगडापुढे उभा राहून म्हणाला, "मीच तो. नाही म्हणायचं राहिलं होतं."



मोबाईलची बॅटरी लावली. दगड निथळत होता. मधोमध, एक माणूस बसेल एवढी जागा...

कोरडी.

त्याने हात ठेवला. ऊब होती.

मामा थांबले. मग सार्थक उठला, मोबाईल घेऊन अंगणाच्या पायरीवर गेला. नंबर लावायच्या आधी वळून म्हणाला, "आता नसेल ना मामा, तिथं काही?"

मामांनी अडकित्ता उचलला.

"परवा वेल्ह्याचं काम उरकून पालीला गेलो हुतो. त्याच वळणावरनं. पाऊस झोडपत हुता. उतरून बघितलं म्या."

"मग?"

"कोरडीच हाय."