थापेशिवाय सोडलेलं टेबल

रात्रीची गोष्ट नाही ही. भर सकाळची आहे, आणि आमच्याकडे दिवे इतके, की माणसाची सावलीसुद्धा धड पडत नाही.

अटलांटिक सिटीत समुद्राच्या कडेला आमचा स्टुडिओ. म्हणायला कॅसिनो, पण जुगारी एकही दिसायचा नाही. हिरवं टेबल, रूलेटचं आकड्यांचं चाक, समोर कॅमेरा. खेळणारे आपापल्या घरी संगणकासमोर बसलेले. ते लिहायचे ते माझ्यासमोरच्या पडद्यावर उमटायचं, मी तोंडानं उत्तर द्यायचे. चाक फिरवायचं, गोटी सोडायची, बोलत राहायचं.

नियम एकच. बदलीचा माणूस मागून येऊन खांद्यावर दोन थापा मारतो. मग दोन्ही तळहात उताणे करून कॅमेऱ्याला दाखवायचे आणि डावीकडे सरकायचं. वळून बघायचं नाही. थाप पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, मग आभाळ कोसळो. हे मला माझ्याआधी या टेबलावर असलेल्या कार्माइननं शिकवलं. म्हातारा मोठा खट, तोंडात सदा बडीशेप. आदल्या हिवाळ्यात छातीत कळा येत असताना बदलीची वाट बघत उभा राहिला हट्टी, आणि याच टेबलाशी गेला. मला अजून राग येतो त्याचा.

ऑर्विल माझा रोजचा खेळणारा. म्हातारा मच्छीमार, बायको गेलेली. दर डावाला सतरावर एक डॉलर, कारण सतरा तारखेचा तिचा वाढदिवस. जिंकण्याशी त्याला काय देणंघेणं! बोलायला कुणीतरी हवं असायचं. "लोरेटाबाई, आज केस विंचरलेत वाटतं," असं एका बोटानं लिहायचा मेला.

त्या सकाळी बर्फ कोसळत होतं आणि बदलीची मुलगी आली नव्हती. ऑर्विलनं लिहिलं, डावा हात जड झालाय, घाम फुटलाय. मी म्हटलं, फोन करा कुणाला तरी. तर उत्तर आलं, फोन स्वयंपाकघरात आहे, उठवत नाही. तू बोलत राहा गं.

त्याचा पत्ता फक्त ऑफिसात. काचेमागची साहेबाची खुर्ची रिकामी. बोलत राहिले तर मदत जाणार नाही. निघाले तर तो एकटा मरेल.

तेवढ्यात खांद्यावर दोन थापा पडल्या. देवासारखी आली पोरगी, असं वाटलं. तळहात दाखवले, डावीकडे सरकले आणि धावत सुटले. दारापाशी बडीशेपेचा वास आला. थांबायला वेळ कुठे होता?

ड्वेन, आमचा साहेब, मागच्या दारी बर्फ उपसत होता. त्यानं पत्ता काढला, रुग्णवाहिका पाठवली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "टेबलावर कोण आहे?"

"बदली आलीये ना."

"तिची गाडी पुलावर अडकलीये, लोरेटा. आत्ताच फोन आला तिचा..."

आम्ही परत गेलो. टेबलाशी कुणी नव्हतं. चाक मात्र फिरत होतं. ड्वेननं त्याच दिवशी ते टेबल बंद केलं.

ऑर्विल वाचला. बरा झाल्यावर त्यानं फोन केला.

"तुझ्या जागी आलेला म्हातारा चांगला होता हं. दिसला नाही, नुसता आवाज. डोळे मिटू देईना मला, बायकोबद्दल विचारत राहिला. दारात माणसं आली तेव्हा म्हणाला... लोरेटाला सांग, मला अजून कुणी मोकळं केलेलं नाही."

रडूच आलं मला. मेल्यावरही उभाच हा माणूस! जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलामागे गेले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? कार्माइनच्या खांद्याइतका हात उचलला आणि हवेत दोन थापा मारल्या.

त्या हवेत जायला हव्या होत्या. कुणाच्या तरी सदऱ्याच्या कापडावर बसल्या.

कुणीतरी डावीकडे सरकलं. बडीशेपेचा वास दारापर्यंत गेला आणि विरला. सुटला बिचारा, म्हटलं. मग ध्यानात आलं, थाप ज्यानं मारली, टेबल आता त्याचं. मी तशीच पळाले, बदलीची वाट न बघता. नोकरीही सोडली.

काल पुन्हा ऑर्विलचा फोन आला.

"बरं झालं, कामावर परतलीस," म्हणाला. "रोज सकाळी बघतो तुला त्या टेबलावर. पण लोरेटाबाई... हल्ली केस का विंचरत नाहीस?"