वजनकाट्यापाशी ब्रेक

नव्या ड्रायव्हरांची ट्रायल घेणं हे माझं काम. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलं, मग गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा मालकांनी मला परीक्षा घ्यायला बसवलं. नाव सयाजी, पण यार्डात सगळे मास्तर म्हणतात. ताजं हेवी लायसन्स घेऊन आलेल्या पोराला मी भरलेल्या दहा चाकी ट्रकवर बसवतो, स्वतः क्लीनरच्या बाजूला बसतो आणि सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या यार्डातून वळसंगपर्यंत नेऊन परत आणतो. अकराला निघायचं, साडेबाराच्या आत परत. लायसन्स सरकार देतं, गाडी मी देतो, असं आधीच सांगून टाकतो. पोरं हसतात आणि आतून घाबरतात.

कुंभारी सोडली की थोडा उतार लागतो. डाव्या हाताला एक बंद पडलेला वजनकाटा आहे, भोवती वेड्या बाभळी. रस्ता सरळ, लांबवर दिसणारा. एप्रिलमध्ये तिथं बिरुदेव नावाच्या पोरानं करकचून ब्रेक मारला. माझं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

"माणूस आडवा आला की, मास्तर. हात वर करून."

मी बघितलं. ऊन सोडून रस्त्यावर काही नव्हतं. उन्हात डांबर हलल्यासारखं दिसतं, नवख्याला भास होतो, अशी मी समजूत घातली. भरल्या गाडीला असा ब्रेक मारल्यावर मागून कुणी ठोकलं तर काय? शेऱ्यात लिहिलं, विनाकारण ब्रेक. नापास.

पुढच्या पंधरवड्यात आणखी तिघांनी तिथंच ब्रेक मारला. एक अक्कलकोटचा, एक सोलापुरातलाच, एक बार्शीचा. एकमेकांना ओळखतही नव्हते. तिघांचंही तेच, माणूस होता, हात वर करून. पोरं माझी टर उडवतायत असं वाटून मी जाम भडकलो. शेवटी ऑफिसातल्या वैदेही मॅडमनी गाडीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावून दाखवलं. रस्ता मोकळा होता. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. देवावर माझा विश्वास आहे, पण रस्त्यावर मी आपल्या डोळ्यांवरच चालतो.

बार्शीचा पोरगा म्हणजे शिवराज. हात असा की गिअर कधी पडला ते कळू नये. बाजारात पोती उचलून त्याच्या वडलांची कंबर गेली होती, आणि लायसन्स निघेपर्यंत हाही तीच पोती उचलत होता. कंपनीचा नियम दोन ट्रायलचा. दुसऱ्यांदा नापास झाला की परत दारात उभं करत नाहीत.

दुसऱ्या ट्रायलला तो तासभर आधी आला आणि आरसे स्वतःच पुसत बसला. मला पोराचं वाईट वाटलं. जे कधी करत नाही ते मी केलं. निघायच्या आधीच उत्तर सांगितलं.

"त्या काट्यापाशी काय बी दिसूदे, ब्रेकवर पाय न्यायचा न्हाय."

"आन माणूस खराच असला तर?"

"खरा असला तर मला दिसंल की. मी बाजूलाच बसलोय."

त्यानं मान हलवली.

कुंभारी मागं पडली. केबिन भट्टीसारखी तापली होती. उतार लागला तसे शिवराजचे खांदे ताठ झाले, तो तोंडानं श्वास घ्यायला लागला. वेगाचा काटा पन्नासवर होता.

"सरळ घे," मी म्हणालो. "रस्ता मोकळा हाय."

त्याचा पाय ब्रेककडं सरकला.

"सरळ घे."

वजनकाटा मागं गेला.

धक्का नाही, आवाज नाही. फक्त माझाच उजवा पाय पुढच्या पत्र्यावर इतका जोरात रुतला होता की गुडघ्यातून कळ आली.

किलोमीटरभर गेल्यावर मी विचारलं, "दिसला?"

"व्हय."

"कोण हुता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. "इचारू नका, मास्तर."

यार्डात आल्यावर मी पासचा शेरा मारला. तो पाया पडायला वाकला, पण मधेच थांबला आणि लांबूनच हात जोडून गेला.

संध्याकाळी वैदेही मॅडमनी त्या ट्रायलचं चित्रण लावलं. मागच्या वेळी आवाज बंद ठेवून नुसता रस्ता बघितला होता. या वेळी आवाज चालू राहिला.

आधी इंजिन. मग मी, अगदी जवळून: सरळ घे, रस्ता मोकळा हाय.

आणि त्याच वेळी लांबून, काचेच्या पलीकडून कुणीतरी: "शिवराज, थांब रे."

पुन्हा एकदा, जरा जवळून.

मी: सरळ घे.

तिसऱ्यांदा ते अगदी समोरून आलं आणि 'थांब' पुरता होण्याआधीच तुटलं. तो आवाज माझा होता. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येतो.

चित्रात रस्ता मोकळाच होता. मॅडमनी चित्रण बंद केलं.

"मास्तर, तुम्ही मध्येच खाली उतरला होता का?"

"न्हाय."

शिवराजची नोकरीची ऑर्डर तोवर निघाली होती. अक्कलकोटची खेप, रोजची. पहिल्याच सकाळी मी त्याला गाठलं. तो केबिनमध्ये बसला होता.

"शिवराज, तवा मी सांगितलं ते इसर. तितं कोण दिसलं तर थांबायचं. कोण बी असूदे."

त्यानं चावी फिरवली.

"थांबलो न्हाय म्हणून तर नोकरी लागली की, मास्तर," तो म्हणाला. पण बोलताना त्यानं माझ्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.