कड्याखालची गाठ

त्या दिवशी मी फक्त माझे पाच फ्लोट, प्रवाहाबरोबर वाहणारे तरंगते डबे, परत आणायला निघाले होते. दुपारचे अडीच वाजले होते आणि माझं डोकं फिरलेलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

मोठ्या तलावाचं पाणी कुठल्या ऋतूत कुठे वाहतं, याचे नकाशे करणं हे माझं काम. पानगळीत वरचं पाणी गार होऊन खाली बुडतं, सगळा तलाव घुसळून निघतो आणि प्रवाह दक्षिणेच्या खाडीकडे वळतो. संगणकावरचं माझं मॉडेल चार वर्षं हेच सांगत आलं होतं, आणि ते खरंही ठरत होतं. या वर्षी मात्र फ्लोट तीनदा सोडले आणि तिन्ही वेळा ते उत्तरेला गेले, थेट कड्याखाली. वाऱ्याचे आकडे तपासले, तळाची खोली पुन्हा मोजली. पालथ्या घड्यावर पाणी!

साहेब म्हणाले, "तेवढी जागा कोरी सोडा ना. कोण बघतंय?"

बघणारा एक जण होता. माझे नावाडी काका. गेल्या पानगळीत त्यांचा धाकटा भाऊ बोटीतून पाण्यात पडला. शोधपथकाने मला विचारलं, वाहत कुठे जाईल? मी नकाशात दक्षिणेच्या खाडीवर बोट ठेवलं. आठ दिवस तिथे गळ टाकले. काही मिळालं नाही. काकांनी मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

कडा जवळ आला तसं धुकं उतरलं. काकांनी मशीन बंद केलं. शेवाळाचा कुजका वास, आणि धुक्यातून कुठून तरी आवाज... टक. टक. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा.

"ताई," काका हळूच म्हणाले, "वारा तोंडावर येतोय. मग बोट पुढे कशी जातेय?"

"तेच तर मला कळत नाहीये!" मी ओरडलेच. "दीड महिना झाला, तेच कळत नाहीये!"



पाचही पिवळे फ्लोट एका जागी होते, एकमेकांना चिकटून. सोडताना मी ते अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर सोडले होते. प्रत्येकाखाली बारा मीटर दोरी आणि टोकाला कापडी शीड असतं, वाऱ्याने न ढळता प्रवाहाबरोबर जावं म्हणून. काकांनी दोऱ्या ओढायला घेतल्या. पार टोकाची शिडं वर आली तेव्हा त्यांचे हात थांबले.

"गुंता झालाय," मी वैतागून चाकू काढला. "कापा आणि चला."

त्यांनी माझं मनगट धरलं. "गुंता नाही, ताई. गाठ आहे."

पाचही दोऱ्या खालच्या टोकाशी एकत्र बांधलेल्या होत्या. नीट, घट्ट.

"उलट्या हाताची..." ते गाठीवरून बोट फिरवत म्हणाले. "डावखुरा होता तो. किती ओरडायचो मी, सरळ गाठ मार म्हणून..."

"कुणी मासेमाराने..."

"बारा मीटर खाली?"

त्यांनी ती गाठ कापली नाही. थंडीने बोटं निळी पडेपर्यंत सोडवत बसले. मग काठावरून वाकून, झोपलेल्याला उठवावं तसं पाण्याला म्हणाले, "चल. घरी चल."

परतताना बोट जड चालत होती.

पुढच्या आठवड्यात फ्लोट पुन्हा सोडले. ते निमूट दक्षिणेला गेले, अगदी मॉडेलप्रमाणे. साहेब खूश झाले, नकाशा छापून आला. माझी चिडचिड तेवढी संपली नाही, कारण एक गोष्ट मी अहवालात घालू शकले नाही. काकांनाही सांगू शकले नाही.

बोटीच्या तळाला, पाण्यात, एक तापमापक बसवलेला असतो. दर पाच मिनिटांनी तो नोंद करतो. त्या दिवशी तलावाचं पाणी नऊ अंश होतं. कड्याखालून आम्ही निघालो, त्या क्षणापासून पुढची पन्नास मिनिटं एकच आकडा आहे: साडेछत्तीस, जिवंत माणसाच्या अंगाइतका. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते बर्फात बुडवून पाहिलं, उकळत्या पाण्यात पाहिलं. काटेकोर चालतंय.

काकांनी बोट धक्क्याला बांधली, आणि त्यानंतरची पहिलीच नोंद पुन्हा नऊ अंशांची आहे.