उजव्या बाजूची दोन मडगार्डं

ऐरणीवर कुणी बसतं का? देवाच्या पाटावर बूड टेकावं आणि वर पाणी मागावं, अशातली गत. पण साताऱ्याहून आलेल्या त्या माणसाला काही रीतभातच नव्हती. सांगलीच्या गूळपेठेमागं जोतीराम लोहाराचं आवार. तिथं तो भर दुपारी आला, खांद्यावरचा पत्र्याचा भलामोठा वाकडा तुकडा भिंतीला टेकवला, घाम पुसला, आणि समोर दिसली ती ऐरण... तिच्यावरच बसून मोकळा झाला.

जोतीरामच्या पोरीनं, बनूनं, हातातला घण खाली ठेवला.

"उठा."

"आं?"

"उठा म्हन्ते न्हवं! दसऱ्याला हिला हळदकुकू वाहतो आमी. माझा बा सुदिक हिच्यावर कवा टेकला न्हाई. तुमी कोन लागून गेला?"

तो असा काही उठला की डोक्यावरची टोपी कोळशात पडली. ती तशीच राहू दिली त्यानं. आधी ऐरणीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "चुकलं, मावशी."

मावशी! बनूच्या बरोबरीच्या पोरींची लग्नं होऊन त्यांची पोरं रांगत होती, एवढंच. मावशी म्हणावं असं तिचं वय नव्हतं. पण डोक्याला फडकं, तोंडाला काजळी, पदर कमरेला खोचलेला... त्यातून त्याला काय दिसलं देव जाणे. तिनं पदर सोडला, तोंड खसाखसा पुसलं आणि मान वर केली.

"मावशी कुनाला म्हन्ता?"

तो बघतच राहिला. "न्हाई... म्हंजे... काजळी व्हती वो."

"आन् आता?"

"आता... न्हाई."

भात्यापाशी बसलेला म्हातारा जोतीराम खोकला. त्याला खोकला नव्हता.

माणसाचं नाव सयाजी. मूळचा पलूसचा, उसाच्या रानातला. लष्करात गाड्या दुरुस्त करून आलेला आणि आता साताऱ्यात गॅरेज घालून बसलेला. कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यात एक जुनी विलायती शर्यतीची गाडी धूळ खात पडली होती. बसायला दोनच माणसं, वर टप नाही, नाक लांबच्या लांब. राजेपण गेलं, तनखे गेले, गाडी भंगारात निघाली, ती यानं आणली. इंजिन जिवंत केलं. पण चिंचेची फांदी पडून पुढचं एक मडगार्ड पार चेचलेलं. विलायतेत ती गाडी आता निघत नाही. साताऱ्यातले पत्रेवाले म्हणाले, सरळ वाकवून देऊ, असलं गरगरीत पोट आमच्याच्यानं निघायचं नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं, की सांगलीला जा, गुऱ्हाळाच्या काहिली ठोकणाऱ्याकडं. उसाचा रस उकळायची ती बैलगाडीएवढी पसरट कढई. तिच्या तळाला एक लाट राहिली तर गूळ लागतो. जोतीरामच्या काहिलीला लाट नसते. म्हणून हा गडी गाडीचं दुसरं, धड असलेलं मडगार्ड काढून एस्टीच्या टपावर टाकून आला होता.

"बाबांचा खांदा गेलाय," बनू म्हणाली. "दोन वर्सं झाली, काहिली मी ठोकते. चालत आसंल तर बोला. न्हाईतर एस्टी उभीच हाय."

"चालंल की."

तिनं डोळे मिटले आणि मडगार्डावरनं तळवा फिरवला. पुढनं चढत गेलेलं, मधी फुगलेलं, मागं हळूच सोडून दिलेलं... लोखंड असं वळतं? ज्यानं कुणी हे ठोकलं होतं त्यानं घाईत ठोकलं नव्हतं.

"आसंच पायजे?"

"हुबेहूब. केसाचा फरक नगं."

"हुबेहूब म्हंजे हुबेहूब," बनू म्हणाली. "मग येळ लागंल. सारखं इचारायला यायचं न्हाई."

"सारखं न्हाई," सयाजी म्हणाला. "पर... यीन."

आता यात बनूचं काय अडलं होतं ते सांगते. तिचा चुलता आप्पासो रोज सकाळी येऊन एकच पाढा म्हणायचा: हे आवार हळदीच्या वखारीला द्या, पोरीला उजवून टाका, घण हाणणारी बाई कुणी पाहिली का? म्हातारा हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. सारा जीव एका माणसावर टांगलेला होता. लालासाहेब. त्यांची चार गावांत गुऱ्हाळं. दिवाळीनंतरच्या हंगामाच्या साऱ्या काहिली ते इथंच सांगायचे. पण पोरगी ठोकते हे कळल्यापासनं घुटमळत होते. मडगार्डाचं ऐकून म्हणाले, "गाडीला बसवशील त्या दिवशी यीन. ते जमलं तर काहिली तुझ्याच. न्हाई जमलं तर कोल्हापूरला सांगतो." आणि म्हाताऱ्यानं तेच धरून ठेवलं. काहिली आल्या तर आवार बनूचं, नाही तर आप्पासो म्हणेल ते.

बनूनं वाळूचं पोतं भरलं. बाभळीच्या ओंडक्यातल्या खळग्यात पत्रा धरला आणि लाकडी हातोड्यानं त्याचं पोट फुगवायला घेतलं. पत्रा तापत होता, निवत होता, घुमत होता. शेजारच्या वखारीतल्या गुळाचा वास आणि कोळशाचा धूर एक झालेला. बाहेर भुरभुर पाऊस.

दुसऱ्या खेपेला सयाजी आला तो पालथ्या काहिलीवर बसला. रीत शिकला होता म्हणायची. नव्या पत्र्यानं अर्धामुर्धा आकार धरला होता. तो पुढं वाकून बघायला लागला, जुन्याकडं बघितलं, परत नव्याकडं... तोंड उघडलं. मग त्याची नजर बनूवर गेली. कपाळावरची घामानं चिकटलेली बट ती मनगटानं मागं सारत होती. त्यानं तोंड मिटलं.

"काय वो?"

"काय न्हाई."

"मग आ का वासला?"

"च्या... च्या लय कडक हाय."

"च्या अजून दिलाच न्हाई तुमाला."

बनूला वाटलं, आपल्याकडंच बघून त्याची बोबडी वळली. वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तिसऱ्या खेपेला त्यानं कंदी पेढे आणले आणि लष्करातले कातडी हातमोजे. बनूनं पेढे म्हाताऱ्याला दिले, मोजे उलटेपालटे करून बघितले. "हात झाकला की पत्रा कळत न्हाई," म्हणाली. पण परत दिले नाहीत. तो गेल्यावर एक मोजा घालून बघितला. आत तिचे दोन हात मावले असते. तरी बराच वेळ काढला नाही.

बसवायचा दिवस आला. सयाजी गाडीच घेऊन आला, साताऱ्यापासून चालवत. टोमॅटोसारखी लाल. पुढची दोन्ही चाकं उघडी, त्यांनी उडवलेल्या चिखलानं तो स्वतः कमरेपर्यंत रंगलेला. आवारापुढं ही गर्दी! हमाल आले, आडत्ये आले, लालासाहेब काठी टेकत आले, आप्पासो तर नवा फेटा बांधून. बनूनं ते मडगार्ड उचललं. आरशासारखं निघालं होतं, एक लाट नाही. ते तिनं डाव्या चाकावर धरलं.

पुढची चढण मागं आली. मागचं शेपूट पुढं.

तिनं फिरवून धरलं. मग ते चाकाला पोटाऐवजी पाठ दाखवायला लागलं.

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी पेठ हसायला लागली. त्यानं आणलेलं मडगार्ड उजवं होतं. तिनं हुबेहूब दुसरं उजवंच ठोकलं होतं! जन्मभर काहिली ठोकलेल्या घरात हे ध्यानात यावं कुणाच्या? काहिल गोल. तिला कुठलं आलंय डावं-उजवं? आणि गाडी तर तोवर कुणी डोळ्यानं बघितली नव्हती.

"बाईच्या हातात घण दिला की आसंच व्हनार," आप्पासो मोठ्यानं म्हणाला. लालासाहेबांनी काठी उचलली आणि ते चालू लागले. ते पाठ फिरवणं बनूला जास्त लागलं.

तिनं गर्दीकडं बघितलं. सगळे हसत होते, सगळ्यांना नवल वाटलं होतं. एकाला सोडून. सयाजी मान खाली घालून उभा होता.

"तुमाला ठावं व्हतं," बनू हळू म्हणाली.

त्यानं मान डोलावली.

"कवापास्नं?"

"दुसऱ्या खेपेला... दिसलं."

"आन् बोलला न्हाई?"

"बोललो असतो तर..." त्यानं टोपी हातात चुरगाळली. "तर काम लगीच संपलं असतं. मग मी कशाच्या निमतानं आलो असतो?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून बनूच्या गालावर ऊन चढलं असतं. चढलंही असेल. पण तिनं ते बाजूला ठेवलं.

"तुमाला माझं दोन दिस जास्ती पायजे व्हतं. त्यापायी माझं आवार चाललंय. हे लय गोड वाटलं व्हय तुमाला?"

"बनूबाई, मी..."

"गाडी हितंच ठेवायची. तुमी एस्टीनं जावा. पुढच्या बाजारादिवशी या. आन् तवर त्वांड दाखवायचं न्हाई."

गेला बिचारा. चिखलानं भरलेला, एस्टीत उभा राहून.

त्या दिवशी बनू जेवली नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "आता उलटं कसं ठोकनार, पोरी? नमुना न्हाई." समोर दोरीवर तिची चोळी वाळत होती. बनू तिच्याकडं बघत बसली... आणि उठलीच. चोळीची डावी बाही कशी बेततात? उजवीचं कापड उलथं करून! हे शिवण टिपणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक. आजवर कुणा लोहाराला त्याची गरज पडली नव्हती, एवढंच.

तिनं आईचं जुनं लुगडं भिजवून उजव्या मडगार्डावर घट्ट अंथरलं. प्रत्येक वळणावर काव लावली, जिथं कापड चुणलं तिथं चुणी टिपली. मग ते सोडवलं, उलथं केलं आणि कोऱ्या पत्र्यावर पसरलं. तांबड्या खुणा पलीकडं उमटल्या होत्या. डावं मडगार्ड तिच्यासमोर निजलं होतं. आता उठवायचं तेवढं राहिलं.

बाजाराच्या दिवशी सयाजी आला. आवाराच्या तोंडाशी थबकला. गाडीला दोन्ही बाजूंनी नवी मडगार्डं होती, बिनरंगाची, एका हातची. चुकून झालेलं उजवं तिनं उजवीकडंच बसवलं होतं, आणि त्याच्या जुन्या मडगार्डात तिकडं कोपऱ्यात कोंबडी अंडी उबवत होती.

"बनूबाई..."

"बसा. चालवा. पेठंत घ्या."

ती त्याच्या शेजारी बसली. आप्पासो धावत आला. "बने! उघड्या गाडीत, परक्या गड्याशेजारी! लोक काय म्हनतील?"

"काका, लोकांनी परवा म्हनायचं ते म्हनून घेतलंय. आज ऐकून घेत्याल."

गाडी गुरगुरत गूळपेठेत शिरली. बैल बुजले, हमालांनी ढेपा खाली ठेवल्या, पायऱ्यांवर बाया उभ्या राहिल्या. बनूनं डोक्यावर पदर घेतला नाही. वाऱ्यानं तिचे केस सुटले होते. आडतीच्या ओट्यावर लालासाहेब बसले होते. त्यांच्यापुढं तिनं हात वर केला.

"हितं. इंजान बंद करा. सीटवर उभं ऱ्हावा."

"उभा? कशाला?"

"त्या दिवशी जे बोलला न्हाई ते बोला."

सयाजीनं तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती. मदत करायला तयार नव्हती. तो उठला. सीटवर चढला, टोपी काढली.

"मंडळी," तो म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्यानं, "मंडळी! त्या दिवशी तुमी हिला हसला. चूक हिची न्हवती. हुबेहूब पायजे म्हनून मी सांगितलं, डावं म्हनून सांगितलंच न्हाई. आन् काम निम्म्यात असतानाच मला दिसलं व्हतं. मी गप बसलो."

"का गा?" एक हमाल ओरडला.

"का म्हंजे..." त्याच्या कानाच्या पाळ्या गाडीपेक्षा लाल झाल्या. "ही आवडती मला! काम संपलं असतं तर परत यायला तोंड न्हवतं. म्हनून."

मग पेठेत जो काही हलकल्लोळ उडाला! शिट्ट्या काय, हसणं काय. पण हे हसणं निराळं होतं.

लालासाहेब ओट्यावरनं उतरले. त्यांनी डाव्या मडगार्डावरनं तळवा फिरवला. गाडीला वळसा घालून उजव्यावरनं फिरवला. परत डाव्याकडं आले.

"ह्यातलं आदी कुठलं क्येलं, पोरी?"

"तुमीच वळखा की."

त्यांनी दोन्हींवर काठीनं टकटक करून बघितलं. मग मिशीत हसले. "काहिली दिवाळीच्या आदी पायजेत. जोतीरामला सांग... न्हाई, त्याला कशाला? तुलाच सांगतो."

बनूनं नुसती मान हलवली. डोळ्यात पाणी आलं होतं, ते तिनं काजळी पुसावी तसं पुसून टाकलं.

सयाजी सीटवरनं खाली उतरला, तिच्याशेजारी बसला. आवाज अगदी लहान करून म्हणाला, "मग... आता आमचं काय?"

बनूनं त्याला टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. पत्रा घेताना बघते तसं. उजेडाला धरून, वाकवून. आणि आवाज मुळीच लहान न करता, ओट्यावरच्या शेवटच्या आडत्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"पत्रा चांगला हाय तुमचा. पर एक पोचा हाय, बोलायच्या येळंला गप बसायचा. त्यो मी ठोकून काढीन. गॅरेज साताऱ्यास्नं उचलायचं आन् आमच्या आवाराशेजारी टाकायचं. घण सोडून मी कुठं येनार न्हाई. आदी पलूसला जावा. तुमच्या आईपुढं असंच उभं ऱ्हावा, आन् लोहाराची पोर करतोय म्हनून हेवढ्याच मोठ्यानं सांगा. सांगून आला, तर ठिवून घेते तुमास्नी!"