नकल्याची शेवटची फेरी

जिमच्या खिडक्या उघडायचं काम ताईचं. कोंडलेला घामाचा आणि जुन्या चामड्याचा वास बाहेर पडेपर्यंत ती दारातच उभी राहायची. मग रिंगचे दोर ओल्या फडक्याने पुसायची आणि आपली पेटी उघडून बसायची. पेटीत कापसाच्या काड्या, व्हॅसलीन, रक्त थांबवायचं औषध आणि बर्फात गार करून ठेवायची एक लोखंडी पट्टी. लढतीत दोन फेऱ्यांच्या मध्ये जो मिनिटभर वेळ मिळतो, तेवढ्यात बॉक्सरची फुटलेली भुवई बंद करायची, सुजणारा डोळा दाबून उघडा ठेवायचा, हा तिचा धंदा. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं सुरुवातीला सगळ्यांनी सांगून पाहिलं. मग एकेकाच्या भुवया फुटत गेल्या आणि बोलणं आपोआप बंद झालं.

तिचे वडील या जिमचे प्रशिक्षक. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. ताईसुद्धा जिममध्ये वस्तादच म्हणायची, बाबा फक्त घरी. आणि ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ चालली होती तो तिचा भाऊ, धाकटा. वजनकाटा त्याला पाहून कुरकुरायचा, खुर्च्या माना टाकायच्या, तरी नाव धाकटाच. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, पडला तर उचलून घेणं, सगळं ताईच्या अंगावर पडलं. आता त्यातलं उचलणं तेवढं सुटलं होतं.

त्या वर्षी धाकट्याची हेवीवेट विजेतेपदाची लढत ठरली. समोर आजवर एकदाही न हरलेला चॅम्पियन. मग काय, पेपरवाले, टीव्हीवाले, कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याला त्याला भाकीत करायची घाई. कुणी म्हणे चॅम्पियन सहाव्या फेरीत झोपवेल, कुणी म्हणे पोरगं तरुण आहे, दमात मारील. उचलली जीभ लावली टाळ्याला. वस्ताद कुणालाच उत्तर देत नसत. त्यांच्याकडे नकल्या होता.

मोठ्या लढतीआधी सरावासाठी एक माणूस ठेवतात. प्रतिस्पर्धी कसा उभा राहतो, कुठला खांदा आधी पाडतो, ठोसा कसा सोडतो, हे सगळं त्याने उचलायचं आणि रोज रिंगमध्ये प्रतिस्पर्धी बनून मार खायचा. नकल्या यात पटाईत. लक्षात राहावा असा स्वतःचा चेहरा त्याला नव्हताच. प्रतिस्पर्ध्याच्या रंगाची चड्डी एकदा चढवली की कुणी त्याला नकल्या म्हणायचं नाही, चॅम्पियनच म्हणायचं, असा वस्तादांचा दंडक होता. त्याने खेळाडू आपल्या माणसावर हात राखून ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता, नकला करणाऱ्याला आधी काहीतरी बघावं लागतं. नकल्या व्हिडिओ लावले की पेंगायचा, हे ताईच्या फार उशिरा लक्षात आलं.

मागे एका सरावात त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटली. पुढे प्रत्यक्ष लढतीत, त्याच फेरीत, प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. त्याच्या पुढच्या लढतीआधी नकल्या सरावात मध्येच उजवा खांदा धरून खाली बसला. विचारलं तर म्हणाला, काही नाही, सहज. लढतीत प्रतिस्पर्ध्याचा उजवा खांदा निखळला, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही. पण बोललंही नाही. जिंकणाऱ्या घरात शंका काढणारा कुणालाच नको असतो.

या जिमची आणखी एक रीत होती. सरावात बाकी सगळ्या फेऱ्या खेळायच्या, शेवटची कधीच नाही. वस्तादांच्या वस्तादांनी घालून दिलेली रीत. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी सराव भलताच अटीतटीचा झाला. अकरा फेऱ्या संपल्या तरी धाकटा वर की चॅम्पियन, काही ठरेना. पोरं दोराला चिकटून बघत होती. नेहमीप्रमाणे ताई ग्लोव्ह्ज सोडायला उठली, तेवढ्यात वस्तादांनी घड्याळ पुन्हा लावलं.

"बाबा, शेवटची खेळत नाहीत," ती म्हणाली. जिममध्ये बाबा म्हटलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"एकदा कळू दे," वस्ताद म्हणाले. "कळलं तर सावरता येईल."

फेरी सुरू झाली आणि अर्ध्यावर धाकट्याचा उजवा ठोसा असा बसला की नकल्या उताणा पडला. वस्तादांनी दहा आकडे मोजले, तो उठला नाही. पोरांनी जिम डोक्यावर घेतली. धाकट्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला, तो अर्थातच फसला, मग सगळे त्याच्याभोवती नाचू लागले.

ताई एकटीच नकल्याकडे बघत होती, लागलं असेल म्हणून.

तो उठला. कुणाकडे न बघता धाकट्याच्या कोपऱ्यात गेला. तिथे फेऱ्यांच्या मध्ये बसायचं स्टूल रिकामं होतं. नकल्या त्या स्टूलसमोर गुडघ्यावर बसला. हात पुढे केला आणि बसलेल्या माणसाचा खांदा जिथे असेल तिथे, हवेत, ठेवला. हळूच हलवलं. पुन्हा हलवलं. मग घाबरून मागे वळून त्याने कुणाला तरी हात केला, आणि दुसरा हात खाली धरला, कलतं डोकं झेलावं तसा. तो रडत होता.

ताईने वर पाहिलं. वस्तादांनीही ते पाहिलं होतं. ते घड्याळाची किल्ली फिरवत बसले.

नंतर तिने नकल्याला गाठून विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. आपण पडलो, उठलो आणि अंघोळीला गेलो, एवढंच तो सांगत राहिला, आणि खोटं बोलणाऱ्याचा चेहरा ताई ओळखत होती. हा तसा नव्हता. बाबांशी ती घरी बोलली, तर ते म्हणाले, स्टूलवर कोणी नव्हतं. ती म्हणाली, तेच तर सांगतेय. त्यावर ते उठून आत गेले.

शेवटी तिने धाकट्यालाच सांगितलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो उकडलेली अंडी सोलत बसला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जिंकतो," तो म्हणाला.

"मी काय सांगतेय ते कळलं का तुला?"

"कळलं गं. पण आधी जिंकतो ना?"

त्याने एक अंडं तिच्यासमोर सरकवलं. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्ही गोष्टींसाठी तो आता फार मोठा झाला होता.

लढत ठरल्या दिवशीच झाली. सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. सरावात जे जे घडलं ते सगळं तिथे तसंच घडत गेलं. ताई पेटी मांडीवर घेऊन बघत होती. प्रत्येक फेरी तिला आधीच पाठ होती.

मग नवव्या फेरीत एक गोष्ट वेगळी झाली. धाकट्याची डावी भुवई फुटली.

सरावात डोक्याला जाड टोप असतो, भुवया फुटत नाहीत. नकल्याने हे दाखवलेलं नव्हतं. जखम खोल होती. ती वाहत राहिली तर डॉक्टर लढत थांबवणार, धाकटा हरणार, आणि घरी येणार. चिडेल, वर्षभर बोलणार नाही, पण टेबलाशी बसून अंडी सोलेल. देव पावला, असं तिला वाटलं.

घंटा झाली. तो स्टूलवर येऊन बसला. तिने कापसाची काडी जखमेवर धरली, पण दाबली नाही.

रक्त वाहत राहिलं. डॉक्टर वाकून बघून गेले. अजून एक फेरी, मग मी थांबवतो, म्हणाले.

पुढच्या फेरीनंतर तो आला तेव्हा अर्धा चेहरा लाल झाला होता. वस्ताद तिच्या अंगावर ओरडत होते. तिने पुन्हा तसंच केलं, नुसती काडी फिरवली. धाकट्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

"ताई," तो म्हणाला. "पूस ना."

गुडघा फोडून घेतला की तो दारात येऊन असाच म्हणायचा. तिच्या हाताला लहानपणापासून या शब्दांना नाही म्हणता येत नव्हतं.

तिने दाबलं. औषध भरलं, व्हॅसलीन लावलं. इतकी चांगली जखम तिने आजवर कधी बंद केली नव्हती.

शेवटच्या फेरीत उजवा ठोसा बसला. चॅम्पियन उताणा पडला.

धाकटा आपल्या पायांनी कोपऱ्यात आला, स्टूलवर बसला.

"जिंकलो, ताई," म्हणाला.

मग काही म्हणाला नाही.

मागून चॅम्पियन येऊन गुडघ्यावर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो हात कुठे ठेवणार हे तिला माहीत होतं.

नंतर किती तरी दिवस जिम बंद होती. विजेतेपदाचा पट्टा घरी आला, तो कुठे ठेवायचा हे कुणाला सुचलं नाही, म्हणून तो खोक्यातच राहिला. बाप-लेक एकमेकांना जेवायला वाढत होते आणि एकमेकांची ताटं तशीच उचलत होते. ताई वडिलांना काही विचारत नव्हती, कारण मग त्यांनीही तिला विचारलं असतं.

एका सकाळी बाबा घरात दिसले नाहीत, म्हणून ती जिमकडे गेली. खिडक्या उघड्या होत्या. वस्ताद खुर्चीवर बसले होते आणि रिंगमध्ये नकल्या होता. त्याच्या अंगावर धाकट्याची चड्डी होती.

"मीच सांगितलं त्याला," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "म्हटलं, एकदा फक्त चालून दाखव."

नकल्या चालला. तेच जड, जरासं आत वळलेलं पाऊल. त्याने मनगटाने नाक पुसलं, मान मोडली, दोर वाकवून खाली उतरला. क्षणभर ताईला नुसता आनंद झाला. भाऊ दिसल्याचा आनंद.

मग तिला आठवलं, झालेलं करून दाखवणं नकल्याला कधीच जमलं नव्हतं. त्याला यायचं ते फक्त पुढचं.

नकल्या भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसला. थोडा सरकला. शेजारची जागा त्याने तळव्याने पुसली आणि वस्तादांकडे बघून हसला.

वस्ताद उठले.

"बाबा, तिथे नका बसू."

"पाय दुखतात गं आता," ते म्हणाले, आणि जाऊन बसले. नकल्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवला होता.

मग नकल्याने ताईकडे पाहिलं, आणि आपल्या दुसऱ्या बाजूची जागा तळव्याने पुसली.