नमाजाहून परतायचा रस्ता

"जास्तीची चादर आहे का? ईदच्या नमाजाला अंथरायला?"

बिल्किसने दार उघडलं तेव्हा तिचे हात पिठाने माखलेले होते. समोर जिन्यात एक उंच मुलगा— दोन्ही खांद्यांवर चादरी आणि हनुवटीखाली दाबून धरलेली सतरंजी. साल नव्वद. मीरा रोडला तेव्हा इमारती कमी, मिठागरं जास्त. मशीद एवढीशी, म्हणून ईदचा नमाज मैदानात व्हायचा. मैदानावर चुन्याने रांगांच्या रेघा मारायच्या, घरोघरच्या चादरी गोळा करायच्या, हे काम त्या वर्षी मुनीर मुकादमच्या गळ्यात पडलं होतं.

बिल्किसने हात पुसून आपली चादर आणून दिली. मोठाल्या गुलाबी फुलांची.

"एवढी फुलं?" हनुवटी अडकलेली, म्हणून तो डोळ्यांनीच हसला. "नमाजात लक्ष जाईल."

"मग डोळे मिटा."

"नमाजात डोळे मिटत नाहीत."

"मग उलटी अंथरा! एवढी अक्कल असेल ना मशिदीच्या कमिटीला?"

सतरंजी पडली. दोघंही उचलायला वाकली, आणि त्याच्या कपाळाला पीठ लागलं. कुणामुळे, ते दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

दोन्ही घरं कोकणातली. तिची माणसं रत्नागिरीकडची, त्याची महाडची. घरात मराठीच, त्यामुळे बोलायला अडत नव्हतं. पाण्याचा टँकर आला की दोघं बादल्या घेऊन खाली. बादली भरायला दोन मिनिटं लागतात, या दोघांना वीस लागायची. मुनीर वायरमन होता. त्याचे अब्बा नव्हते, पण बोलण्यात सारखे यायचे.

"अब्बा म्हणायचे, ईदच्या नमाजाला एका रस्त्याने जावं, दुसऱ्याने परतावं. सुन्नत आहे, पैगंबरांचा रिवाज. मी आजवर चुकवली नाही. जाताना तुमच्या इमारतीसमोरून, येताना मिठागराच्या बाजूने."

"म्हणजे येताना आम्हाला दर्शन नाही?"

"जाताना बघून घ्या की, पोटभर!"

"इश्श... एवढं काय बघण्यासारखं आहे?"

असं सगळं बोलून झालं वर्षभरात. एक तेवढं राहिलं. आज बोलू, उद्या बोलू... रोज टँकर येतोच आहे, घाई काय, असं दोघांनाही वाटायचं. तरुणपणी वाटतं तसं.

पुढच्या वर्षीची चाँद रात. चंद्र दिसला, फटाके वाजले, आणि मुनीर जिना चढून आला तो धापा टाकतच. बिल्किस ओल्या मेंदीचे हात वर धरून दारात उभी.

"महाडहून एका मुलीचे मामा आलेत," तो म्हणाला. "उद्या नमाज झाला की अम्मीला हो-नाही सांगायचंय."

"मग... सांगा की."

"काय सांगू?"

मेंदी हाताला लागली होती, जिभेला नव्हती, पण जीभच वाळून गेली.

"असं करा," तो हळूच म्हणाला, "उद्या परतताना मला दिसा. दिसलात, तर घरी जाऊन नाही म्हणेन— आणि तुमचं नाव घेईन. नाही दिसलात, तर..."

खालून तिच्या अब्बांचा खोकला ऐकू आला. मुनीर भिंतीला अंग चोरून उतरून गेला.

कुठे दिसायचं, हे तिने विचारलं नाही. विचारायचं कशाला? माहीत होतं की!

सकाळी घरभर अत्तराचा वास. अब्बांनी तीन खजूर खाल्ले, कडक इस्त्रीचा कुर्ता सावरत ते ‘अल्लाहु अकबर’ची तकबीर पुटपुटत निघाले. थोड्या वेळाने समोरून मुनीर गेला. बिल्किसने गॅलरीच्या पडद्याआडून पाहिलं. मग अम्माला म्हणाली, "शीरखुर्म्याला दूध कमी पडेल गं, शुभदाकडून आणते."

शुभदा तिची मैत्रीण. तिचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी मिठागराच्या रस्त्यावर.

"दूध स्वयंपाकघरात असतं बाई," शुभदा म्हणाली, "खिडकीत काय शोधतेस?"

"हवा घेतेय."

"ईदची नवी ओढणी घालून? घे, घे."

नमाज सुटला. पांढऱ्या टोप्यांचा लोंढा आला. गळाभेटी, हसणं, पोरांच्या पिपाण्या. बिल्किस एकेक चेहरा पाहत राहिली. लोंढा विरळ झाला. एक म्हातारे काठी टेकत गेले... मग कुणीच नाही. नुसता खारा वारा.

म्हणजे त्याने विचार बदलला. सरळ सांगायचं ना! तिने दुधाचं पातेलं उचललं आणि ती घरी आली.

दुपारी मुनीरची अम्मी मिठाई घेऊन आली, पाठोपाठ तोही. "मुनीरचं ठरलं बरं का आज! मामा होकार घेऊनच महाडला गेले." बिल्किसच्या अम्माने मुनीरच्या अम्मीला मिठी मारली. बिल्किस वाट्या भरायला स्वयंपाकघरात पळाली. पाणी मागायचं निमित्त करून मुनीर दारापाशी आला.

"गॅलरीत नव्हतात तुम्ही," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट. "चपलेत खडा गेल्याचं सोंग करून तीनदा थांबलो खाली. लोक म्हणाले, चप्पलच बदल बाबा."

बिल्किसच्या हातातला डाव वाटीवर आपटला.

"खाली? इथे? पण तुम्ही तर... मी शुभदाच्या खिडकीत होते. मिठागराच्या रस्त्याला. शेवटचा माणूस जाईपर्यंत."

"मला वाटलं, तुम्ही तुमच्या गॅलरीशिवाय कुठे असणार?"

"आणि सुन्नत?"

"मोडली. पहिल्यांदाच."

"माझ्यासाठी?"

"नाही तर काय, चपलेतल्या खड्यासाठी?"

आणि दोघंही हसली. हसू नये तेव्हाच हसू येतं मेलं. हसता हसता तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"आता परत जाऊन सांगता नाही येणार?" तिने विचारलं.

"मामा एसटीत बसले असतील. तिकडे तिला सांगतील... तीही वाट बघत असेल ना, बिल्किस. अम्मीने शब्द दिला, माझ्यासमोर. मी मान हलवली."

बिल्किसला त्याच्यावर रागवायचं होतं. पण न पाहिलेल्या त्या मुलीची खिडकी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि राग तिथेच विरघळला.

"बोलायला काय झालं होतं तुम्हाला? वर्षभर?"

"तुम्हाला काय झालं होतं?"

बाहेरून अम्माने हाक मारली, "काय गे, कसलं हसणं चाललंय आत?"

वर्षभर बिल्किसने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. इमारतीतल्या सगळ्या पोरी मारायच्या तशी मारायला तिची जीभ धजली नव्हती. तिने वाटी त्याच्या हातात ठेवली, चमचा नीट सरळ केला, आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काही नाही अम्मा. मुनीरभाई म्हणतायत, शीरखुर्मा छान झालाय."