संगणक वापरात आहे

त्या दुपारी ज्योत्स्ना बेबामावशींकडे गेली, ती अगदी साध्या कामासाठी. मावशींच्या मुलाने, हेमराजने, सुरतेहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. तो जोडून द्यायचा होता. हेमराज साड्यांची डिझाइनं काढायचा, त्यामुळे जुना म्हटला तरी अख्ख्या चोपडा गावात नसेल असा तो ताकदीचा होता. आईला नातवंडांचे चेहरे मोठे दिसावेत, एवढीच त्याची इच्छा.

ज्योत्स्ना अठरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवत होती. घरोघरी मोबाइल झाले आणि क्लासला चार मुलंही येईनाशी झाली. त्या रिकामपणात तिला एक नाद लागला. घरातले कॉम्प्युटर दिवसभर नुसते पडून असतात. त्यांच्यात एक छोटा प्रोग्राम टाकला, की दूरचे शास्त्रज्ञ औषधांच्या शोधासाठी जी अवाढव्य गणितं मांडतात, त्यांचे तुकडे हे कॉम्प्युटर वाटून घेऊन सोडवतात. तिने तो स्वतःच्या घरी टाकला, मग त्याच गल्लीत कुंदाबाईंकडे आणि रतिलालभाऊंकडे. सगळ्यांची यादी तिच्या मोबाइलवर दिसे. घरातलं कुणी कीबोर्डला किंवा माऊसला हात लावला, की गणित आपोआप थांबे आणि यादीत त्या घरासमोर ओळ येई : ‘संगणक वापरात आहे.’ तीन मिनिटं हात लागला नाही, की काम पुन्हा सुरू. कुणाची अडचण नको म्हणून ही सेटिंग तिने प्रत्येक घरी स्वतः केली होती.

“तुमच्याकडेही टाकू का, मावशी?”

“टाक ना, माय. पन माले लिखाले शिकाड. हेमराजले एक गोट सांगनी शे. दुसराकडथीन नही, मीच लिखसू.”

“फोनवर सांगा की.”

मावशी नुसत्या हसल्या. “काही गोष्टी तोंडे येत नही, बाई.”

रोज दुपारी तीनला येते, असं ज्योत्स्ना म्हणाली. चार दिवस गेलीसुद्धा. माऊस कसा धरायचा, कसा सरकवायचा, यातच ते चार दिवस गेले. अक्षरं सोमवारपासून घ्यायची ठरली.

पण त्या चार दिवसांत ज्योत्स्ना यादी बघत होती. हेमराजच्या एकट्या कॉम्प्युटरने बाकी तिघांच्या महिन्याचं काम उरकलं होतं. हे काम करणाऱ्या जगभरच्या गटांच्या क्रमवारीत तिच्या क्लासचं नाव भराभर वर सरकत होतं. कित्येक वर्षांत तिचं नाव कशातच वर गेलं नव्हतं. आणि मावशी समोर बसल्या, की ते काम थांबायचं.

सोमवारी ती दारातच उभी राहिली. “आज नको, मावशी. मशीन मोठ्या कामात आहे. तुम्ही हात लावलात तर सगळं मोडेल.”

हे खोटं होतं. हात लागताच प्रोग्राम निमूट बाजूला होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मावशींनी हात पदराखाली घेतला. मग महिनाभर त्या भेटल्या, की चेष्टेत म्हणायच्या, “मशीन दुनियाना बठ्ठा काम करस, आन माले एक अक्षर लिखू देत नही. आज शिकाडशी का वं?” ज्योत्स्ना हसून घाई असल्याचं सांगायची. यादीत त्या घरासमोर महिनाभर एकदाही काम थांबलं नाही. मावशींनी कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मार्चअखेर बेबामावशी झोपेतच गेल्या.

दिवसकार्य आटोपून हेमराज सुरतेला निघाला, तेव्हा घराची किल्ली ज्योत्स्नाकडे द्यायला आला. “ताई, आई म्हणायची, तुला एक गोष्ट लिहून कळवीन. तुम्हाला काही बोलली होती का?”

“नाही रे,” ज्योत्स्ना म्हणाली. हेही खोटंच. कॉम्प्युटर चालूच होता आणि कुलूपबंद घरात ती तो चालूच ठेवणार होती. तेही तिने सांगितलं नाही.

हेमराज गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी भांडी आवरून तिने मोबाइल उघडला. बेबामावशींच्या घरासमोर ओळ होती : ‘संगणक वापरात आहे.’ वेळ, तीन वाजून दोन मिनिटं.

उंदीर असेल, तिने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी तीन. मग ती किल्ली घेऊन गेली.

एप्रिलच्या उन्हात गल्लीतली दारं बंद होती. आत कापराचा शिळा वास, आणि त्यात तापलेल्या मशीनचा करपट वास मिसळलेला. पंखा एकसारखा घुमत होता. उंदराचा मागमूस नव्हता. टेबलावर धूळ होती. माऊसवर मात्र नव्हती.

तिने कीबोर्ड आणि माऊस उपसून कपाटात ठेवले, कपाटाला कडी घातली. दुसऱ्या दिवशी तीनला यादीत पुन्हा तीच ओळ. तेव्हा मात्र तिने जाऊन मशीनची वायरच काढली. पंखा हळूहळू थांबला. घर इतकं गप्प झालं, की तिला स्वतःचा श्वास चोरट्यासारखा वाटला. ती मागे न बघता बाहेर पडली.

पुढच्या दुपारी तीनला यादी शांत होती. तिने सुस्कारा सोडला. तीन वाजून सहा मिनिटांनी रतिलालभाऊंच्या घरासमोर ओळ आली.

तिने फोन लावला. “भाऊ, कॉम्प्युटरवर कोण बसलंय?”

“कोण बसणार? आम्ही धुळ्याला लग्नात. घराला कुलूप आहे. का हो?”

“काही नाही… सहज.”

तीन सतरा. आता कुंदाबाईंच्या घरासमोर. कुंदाबाई फोनवर जांभई देत म्हणाल्या, “मी पडले होते गं. मशीनच्या खोलीत कुणी नाही.”

रतिलालभाऊंच्या दारापासून कुंदाबाईंच्या दारापर्यंत धडधाकट माणसाला दोन मिनिटं लागतात. यादीत अकरा मिनिटं होती. बेबामावशींचे गुडघे धरलेले होते. त्या मधे ओट्यावर टेकत, पुन्हा उठत. त्यांना अकराच लागायची.

कुंदाबाईंच्या पुढे ज्योत्स्नाचंच घर.

ती उठून कॉम्प्युटरपासून दूर, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार लावायचं तिला सुचलं नाही. सुचलं असतं तरी कोणत्या तोंडाने लावणार होती? तीन अठ्ठावीसला तिच्याच घरासमोर ओळ उमटली. खोलीत काही हललं नाही. फक्त मशीनचा पंखा मंदावला, काम थांबल्यावर मंदावतो तसा.

“मावशी… मशीन कामात नव्हतं. तुम्ही बसला असतात तर काही मोडलं नसतं. मी खोटं बोलले… माझ्या नावासाठी.”

कितीतरी वेळाने ओळ पुसली गेली आणि काम सुरू झालं. ज्योत्स्ना तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. माफी मिळाली, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं.

पहाटे चहा ठेवून तिने सवयीने मोबाइल बघितला. तिने चारच घरी प्रोग्राम टाकला होता. यादीत पाचवं नाव होतं. हेमराज, सुरत. समोर तीच ओळ, वेळ पाच चाळीस. चोपड्याहून संध्याकाळी सुटणारी सुरतेची बस पहाटे त्याच सुमाराला पोहोचते.

चहा उतू गेला, तेवढ्यात फोन वाजला. हेमराजचा. तिने दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

“ताई, एक विचारू?” तो अगदी हळू बोलत होता, शेजारी कुणी ऐकेल अशा भीतीने. “आईला तुम्ही… कुठवर शिकवलं होतं?”

ज्योत्स्नाने चाचपडत गॅस बंद केला. कुठवर, काय सांगणार?

“ताई, ऐकताय ना…?”

ती ऐकत होती. त्याच्या आवाजामागून काहीतरी येत होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. एका बोटाने अक्षर शोधत शोधत दाबणाऱ्याचा तो आवाज तिने वर्गात अठरा वर्षं ऐकला होता.